ओर्व्हिएतो: हातात तीनच तास असतील तर

टूरवाले इटलीतल्या ओर्व्हिएतो या कड्यावरच्या गावाला जेमतेम तीन तास देतात. स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी, चढावरची छोटी रेल्वे) सुटते आणि काही मिनिटांत कड्यावरच्या पियात्सा काहेन या चौकात पोचवते. तिथून लगेच कॅथीड्रलकडे धावू नका. सान पात्रीत्सिओची विहीर अगदी शेजारी आहे, पाय ताजे असतानाच ती उतरा.

१५२७ मध्ये रोम लुटलं गेलं आणि पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर गावाला पाणी हवं, म्हणून त्याने वास्तुविशारद आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ही विहीर बांधायला घेतली. खोली सुमारे ५३ मीटर. एकमेकांभोवती फिरणारे दोन वेगळे जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या. खेचरं एकाने खाली जात, तळाचा छोटा पूल ओलांडून दुसऱ्याने पाणी घेऊन वर येत, वाटेत समोरासमोर गाठच नाही. काय डोकं चालवलंय! पायऱ्या मात्र ओलसर असतात, गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात. उन्हाळ्यातही खाली गारठा असतो.

मग कोर्सो कावूर या रस्त्याने चालत कॅथीड्रल. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालेलं. दर्शनी भाग पश्चिमेच्या अंगाला, त्यामुळे सोनेरी मोझेक दुपारनंतरच झळाळतं. आत चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं अजिबात चुकवू नका. दुपारी बरीच दुकानं बंद होतात, खाणं आधीच घेऊन ठेवा.