सिरीजचा बल्ब

माळ्यावरून वीसेक वर्षांनी अँप्लिफायर खाली उतरतो. धूळ पुसली की पुढची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चमकते आणि हात आपोआप प्लगकडे जातो. तिथेच घात होतो. इतकी वर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. कंडेन्सर गेला तर नवा आणता येतो. सोबत ट्रान्सफॉर्मर जळला, तर त्याच्या जोडीचा शोधत बसा.

म्हणून आधी सिरीज बोर्ड. फेजच्या वाटेत १०० वॉटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडीचा इथे उपयोग नाही, कारण सगळी करामत त्या तारेची आहे. पूर्ण पेटल्यावर तिचा रोध ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आत शॉर्ट असेल तर बल्ब स्वतः पेटतो आणि करंट अर्ध्या अँपियरच्या आत रोखून धरतो. स्पीकर काढून ठेवून स्विच दाबायचा. बल्ब क्षणभर लखलखून मंदावला, तर निम्मं काम झालं. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करून मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीकडे, वळायचं.

तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचे २एन३०५५, म्हणजे स्पीकर चालवणारे ट्रान्झिस्टर, बसलेले असतात. त्यांची धातूची टोपी म्हणजेच कलेक्टर, ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक, त्यामुळे खाली अभ्रकाची चकती हवीच. ती तडकली की टोपी थेट चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, भिडते आणि शॉर्ट होतो. मीटर लावण्याआधी मोठे कंडेन्सर रिकामे करायचे, पण स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स अर्धा मिनिट धरला की पुरे.

सगळेच कंडेन्सर सरसकट बदलायची हौस मला पटत नाही. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकर घुमत असेल तर मेन फिल्टर, म्हणजे सप्लाय सपाट करणारा मोठा कंडेन्सर, बदला. व्होल्टेज मूळचं किंवा जास्त, १०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारा. २२०० मायक्रोफॅरडच्या जागी ३३०० चालतो; १०,००० घालून रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांचा, जीव घेऊ नये. एका वेळी एकच बदलावा आणि लगेच तपासावा, नाहीतर उलटा बसलेला कुठला, हे शोधण्यात रविवार जातो. व्हॉल्यूमची खरखर मात्र बहुधा फुकटात जाते: काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि खुंटी वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या काळच्या पुष्कळ सेटांत सप्लाय एकेरी असतो, म्हणजे प्लस आणि मायनस असे दोन नसून एकच, आणि स्पीकर मोठ्या आउटपुट कंडेन्सरमधून जोडलेला असतो. ४० व्होल्टचा सप्लाय असेल, तर आउटपुट कंडेन्सरच्या प्लस पायावर २० च्या आसपास दिसायला हवेत. २ किंवा ३८ दिसले, तर एक शंकरपाळं बहुतेक गेलेलं आहे. हे जुळल्यावर बायसचा, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहणाऱ्या करंटचा, प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायची छोटी खुंटी) सगळ्यात कमीवर ठेवून बल्ब काढायचा. मग ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाला जोडलेल्या ०.४७ ओहमच्या रेझिस्टन्सवर ९-१० मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण २० मिलिअँपियर, येईपर्यंत प्रीसेट केसभर केसभर फिरवायचा. हीट सिंक गरम होताना आकडा सरकतो, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचा.

आता स्पीकर जोडून स्विच दाबला की ‘धप्प’ आवाज येतो आणि पुष्कळजण दचकून बंद करतात. करू नका. आउटपुटचा कंडेन्सर भरतोय, एवढंच.