बाळंतिणीच्या खोलीत आजचा दिवस
आज धाकट्या बहिणीकडे होते, नुकतीच डिलिव्हरी झालीये तिची. आईने अळीवाचे लाडू केलेत, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं नि गूळ घालून, मीपण हाणले (बाळंतिणीच्या वाटणीचे 😄). अळीवात लोह असतं हे खरंय, पण म्हणून आयर्नच्या गोळ्या बंद नाही करायच्या, त्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात आणि चहासोबत तर अजिबात नाही. मालिशवाल्या मावशी पाय-कंबर अशी चोळतात की ही तिथेच घोरायला लागते. मला विचाराल तर अर्धं औषध ही झोपच आहे, बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी उठवणार, मग दुपारी ते झोपलं की तिनेही आडवं व्हायचं आणि बघायला येणाऱ्यांनी कृपया लवकर उठायचं! त्यात तासाभरात पॅड भिजत असेल, ताप आला, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर काढेबिढे करत बसू नका, तडक दवाखान्यात न्या.

शेगडीवरून मात्र आईशी वाजलंच. दारं-खिडक्या लावून कोळसे पेटवायचे म्हणे, अगं तो धूर बाळाच्या नाकात जातो, कार्बन मोनॉक्साइडने तर माणूस दगावतं. शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तह झाला. "पाणी कमी पी, पोट सुटतं" हे तिचं अजून चालूच आहे, अंगावर पाजणारीला उलट तहान जास्त लागते ना, म्हणून मी येताना मोठा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवून आले.