पुठ्ठ्यावरचे थेंब

इंजिन बांधून झालं, गाडी स्टँडवरून खाली आली, दोन फेऱ्या मारल्या. आवाज असा गोड, की बंद करवेना. उभी करून अर्ध्या तासाने सहज खाली वाकलो तर पुठ्ठ्यावर हाताच्या पंजाएवढा डाग. आणि तोही नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याखाली.

ज्यांनी इंजिन खोललंय त्यांचं इथे वाचतानाच पोट आवळलं असेल. त्या सांध्याच्या आत क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील असतं, तेल अडवणारी कडी. ते बदलायचं तर गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, फ्लायव्हील सगळं उतरवा. आणि तो गिअरबॉक्स मी आठवड्यापूर्वीच छातीवर घेऊन चढवला होता.

ती रात्र सील आठवण्यात गेली. सीलच्या ओठाला तेल लावलं होतं? लावलं होतं. जुन्या सीलने क्रँकवर चरी पाडली होती का? नख फिरवून बघितलं होतं, लागली नव्हती. तिरकं तर ठोकलं नाही? व्हर्नियरने चार बाजूंनी खोली मोजली होती. की तीनच बाजूंनी? पहाटे दोनला माझी खात्री झाली, की तीनच.

सकाळी पहिलं काम म्हणजे वास. गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो, तो एकदा नाकात बसला की जात नाही. डागावर बोट फिरवून हुंगलं. छे, माझंच नवं इंजिन ऑइल, मधाच्या रंगाचं.

मग ब्रीदर, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर जायची वाट. नव्या रिंगा बसेपर्यंत पिस्टनच्या बाजूने गॅस थोडा जास्त खाली उतरतो. त्यात ब्रीदरची नळी तुंबलेली किंवा उलटी जोडलेली असली, तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साचतं तिथे, दाब साठतो आणि चांगलं सीलही तेल ओकायला लागतं. तेल भरायचं झाकण काढलं, इंजिन आयडलवर ठेवून तोंडावर कागद धरला. कागद हळूच आत ओढला जाऊन चिकटला. म्हणजे दाब नाही. मला खरं तर थोडं वाईटच वाटलं, कारण नळी बदलणं किती सोपं झालं असतं!

एक गोष्ट मात्र मी दोन दिवस बघत असून लक्षात घेतली नव्हती. पुठ्ठा रोज बदलून मी त्यावर वेळ लिहून ठेवत होतो. इंजिन बंद केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं थेंब पडायचे आणि मग रात्रभर एकही नाही. चेंबर पॅकिंग गळत असतं तर गाडी उभी असतानाही झिरपत राहिलं असतं, कारण तेल तिथेच साचलेलं असतं. इथे तर इंजिन चालू असतानाच भरपूर तेल येत होतं. हे दाबाखालचं तेल वाटत होतं.

तोपर्यंत मी गिअरबॉक्सचे वरचे दोन बोल्ट सैल करून बसलो होतो. एका जुन्या मिस्त्री मित्राला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "आधी इंजिन धू. घाणीत काय दिसणार तुला?"

धुतलं. डिग्रीझर, ब्रश, पाणी, मग हवा मारून कोरडं. फ्लायव्हीलखालचा छोटा पत्राही काढला, जो पहिल्या दिवशीच काढायला हवा होता. आत सगळं कोरडं ठणठणीत. सील गळत असतं तर फ्लायव्हीलने तेल गोल भिरकावून आतली भिंत काळी केली असती. म्हणजे तेल बाहेरून येत होतं.

मग टाल्कम पावडर. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, सांध्यावर, टॅपेट कव्हरच्या खाली भरपूर उडवली. इंजिन दहा मिनिटं चालवलं. बॅटरी धरायला लेक होती. मी खालून चेंबरची कड बघत होतो, ती वरून म्हणाली, "बाबा, तू खाली काय बघतोयस? रेघ इथून निघालीय."

पांढऱ्या पावडरीत बोटभर रुंद काळपट रेघ, मॅनिफोल्डच्या खालून निघून ब्लॉकच्या कडेने सांध्यात उतरलेली. रेघेच्या वरच्या टोकाला ऑइल प्रेशरचा स्विच, तेलाचा दाब पडला की दिवा लावतो तो. आरसा आत सरकवला, स्विच पुसून मुळाशी टिश्यूची पट्टी गुंडाळली, वीस सेकंद इंजिन चालवलं. वायर जोडतो ते टोक कोरडं, आट्यांपाशी पट्टी भिजलेली.

हा स्विच नवा होता. जुन्याचं प्लॅस्टिक खोलताना पाना निसटून माझ्याच हातून फुटलं होतं. नवा लावताना हाताने दोन-अडीच आटेच गेला, पुढे पान्याने रेटला. आटे निमुळते असतात, म्हणून असं होत असेल, अशी मी समजूत काढली आणि वर टेप गुंडाळली. (टेप तशीही नको होती. स्विचचं अर्थिंग आट्यांतूनच होतं.)

फुटलेला स्विच सुदैवाने टाकला नव्हता. दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडात धरले. पहिले तीन-चार छान बसले, पुढे दात दातावर चढू लागले. दोन्ही पाव इंचाच्या निम्म्या मापाचे, दोन्ही निमुळते. पण एक बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचा, इंचाला 28 आटे, दुसरा एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचा, इंचाला 27. कोनही वेगळा, एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. इंचामागे एका आट्याच्या फरकासाठी मी गिअरबॉक्स उतरवायला निघालो होतो.

ब्लॉक बिडाचा आणि स्विचचे आटे पितळी, त्यामुळे ब्लॉकचं काही बिघडलं नाही. योग्य आट्यांचा स्विच हाताने सहज आत गेला. पहिले दोन आटे सोडून सीलंटचं बोट फिरवलं, हलकं आवळलं. गिअरबॉक्सचे दोन बोल्ट परत टॉर्कला घट्ट केले.

पुठ्ठा अजून खाली आहे. सांध्याखाली आठवडाभर स्वच्छ. काल मात्र गिअरबॉक्सच्या शेपटीखाली एक थेंब दिसला. हुंगला. गंधक.