तुम्ही विचारलंत म्हणून, ‘पेनिन्सुला’बद्दल

‘ट्रेन टू बुसान एवढा आवडतो, मग त्याच दिग्दर्शकाच्या, योन सांग-होच्या पेनिन्सुला या दुसऱ्या कोरियन झोंबीपटाची बाजू का घेता?’ हे ऐकून मी आता थकले आहे.

त्यातलं वाईट मलाही दिसतं. रात्रीचा तो गाड्यांचा पाठलाग सरळसरळ संगणकावर रंगवलेला आहे. गाड्यांना वजनच नाही आणि झोंबी फक्त चाकाखाली यायला ठेवलेत. २०१६च्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये रेल्वेच्या अरुंद डब्यात एकेकाची धास्ती वाटायची. २०२०च्या या सिनेमात झुंडीच्या झुंडी येतात, तरी काळजात धस्स होत नाही. दिवे लावलेली खेळण्यातली गाडी सोडून झोंबींना भुलवणारी छोटी यू-जिन मात्र खरंच सुचलेली गोष्ट आहे.

पण सुरुवातीचं जहाज विसरलात का? लष्करातला जुंग-सोक बहीण, तिचा नवरा आणि भाच्याला घेऊन बंदराकडे निघालाय. वाटेत एक जोडपं गयावया करतं, निदान लेकराला तरी न्या म्हणतं. तो निघून जातो. पुढे जहाजावरच लागण फुटते आणि भाच्याला चावा बसतो. बहीण मुलाला सोडायला तयार नाही. जुंग-सोक दार लावून घेतो. ती दोघं आत, तो बाहेर. तिचा नवरा पोचतो तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ठामपणे म्हणाले होते, दुसरा मार्गच नव्हता, बाकीचं जहाज वाचवायचं होतं. आता मी त्या माझ्याशीच भांडते. बहिणीला एकदा दंडाला धरून ओढायचं तरी! पण ती आली असती? पोराला कवटाळलेला हात तिने सोडला असता? आणि जहाजाचा विचार त्याने आधी केला, की नंतर स्वतःला समजावायला?

चार वर्षांनी त्याचा जीव वाचवतात त्या वाटेत सोडलेल्या त्याच कुटुंबातल्या मुली, यू-जिन आणि तिची मोठी बहीण. त्यांची आई म्हणजे मिन-जंग. शेवटी ती मागे अडकते आणि जुंग-सोक तिच्यासाठी परत धावतो. हा भाग संथ गती आणि चढत्या संगीताने नको इतका ताणलाय, कबूल. त्याहून मोठी तक्रार म्हणजे एका बाईला वाचवून बहिणीची भरपाई होते, असं सिनेमाला म्हणायचं असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. तरी तो हेलिकॉप्टरपाशी थबकतो तेव्हा दर वेळी माझ्या तोंडून निघतं, जा, मागे जा.