मळखाऊ कपड्यांतली दिवाळी

घरोघरी दिवाळीचे कपडे शिवून येतात, आणि नेमका तेव्हाच बागेतला शिंजीर पक्षी आपली जांभळी झगमग उतरवून बसलेला असतो. पाठ मातकट, पोट पिवळट, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ, शाईत बुडवलेल्या बोटानं ओढल्यासारखी. रेघ दिसली की नर. जास्वंदीच्या फुलासमोर टक लावून बसण्यात अर्थ नाही. हा गडी देठाकडून चोच खुपसून मध पळवतो.

थिरथिरा या पाहुण्या पक्ष्याचं उलट. ऑक्टोबरात येतो, कुंपणाच्या तारेवर बसून शेपूट थरथरवतो. त्याच्या नव्या पिसांना राखाडी कडा असते, ती हिवाळाभर झिजते आणि जाता जाता खालचा काळा रंग उघडा पडतो. वापरून वापरून उजळणारा पक्षी! आपले कपडे काही असे निघत नाहीत.

खरा घोळ नागपूरच्या अंबाझरी तलावावर. विणीनंतर बदकांचे नर मादीसारखी तपकिरी पिसं चढवतात, आणि उत्तरेकडून येतात ते बहुधा त्याच अवतारात. पुस्तकातलं हिरव्या डोक्याचं देखणं चित्र हिवाळा मुरल्यावरचं. म्हणून सध्या रंग सोडा, चोच बघा. थापट्या बदकाची टोकाला पसरट, गवंड्याच्या थापीसारखी. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ, पण शेपटीतली तलवार अजून म्यानातच. हळदी-कुंकू बदक बारमाही इथलंच: काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. वारकरी नावाचा पाणपक्षी अंगभर काळा, कपाळाला पांढरा टिळा. कार्तिकात गर्दी करणारच. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्याकडे दुर्बीण नसावी. नजर मात्र होती.

तलावाची भिंत पूर्वेला शहराकडं, पाणी पश्चिमेला वाडीकडं. त्यामुळं सकाळी साडेसहा ते नऊ ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळी बदकं कोळशाची. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. १०×५० हातात धरली की प्रत्येक पक्षी थिरथिरा होतो. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी पूर्ण खाली फिरवायची. मग उजवी बाजू झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, नंतर डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. हे एकदाच करावं लागतं आणि नव्वद टक्के लोक तेवढंही करत नाहीत. मग डोकं दुखतं आणि खापर बदकावर.

पाऊस भरपूर झाला असेल तर तलाव काठोकाठ आणि रिकामा. उथळ पाण्यात डोकं बुडवून चरणाऱ्यांना खोल पाणी काय कामाचं? ती धानाच्या बांध्यांत, गावतळ्यांत पांगतात. पाणी उतरून चिखलाची किनार उघडी पडली की येतात. मारुती चितमपल्ली आणि सलीम अलींच्या जन्मदिवसांमधला, ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह पाण्याला विचारून ठरलेला नाही, त्यामुळं त्या आठवड्यात कधी काठावर माणसं जास्त, बदकं कमी.

वहीत लिहावं: तपकिरी बदक, ४, नक्की नाही. खोडू नये. तर्री-पोह्यांच्या गाडीवर कुणीतरी छातीठोक नाव सांगतंच.