विश्रामबाग वाड्याची ‘खास सफर’: पैसे भरण्याआधी हे वाचा

पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याच्या ‘खास सफरी’साठी कोणी माणशी ८०० रुपये मागत असेल तर देऊ नका. जाहिरातीत ‘एरवी बंद असणारी दालनं’ आणि ‘अभ्यासकाचं व्याख्यान’ असं स्वच्छ लिहिलं होतं. यातलं एकही मिळालं नाही.

दुरुस्तीमुळे माडी बंद आहे हे आम्हाला दारात पोचल्यावर कळलं. आयोजकाने आदल्या दिवशी वाड्यात जाऊन विचारलं असतं तर त्यालाही कळलं असतं, पण त्याने पैसे आधीच ऑनलाइन घेतलेले. परत मागितले तर ‘पुढच्या सफरीत सवलत देऊ’. वर कानाला लावायच्या यंत्राचे १०० रुपये वेगळे. बाजीराव रस्त्यावरच्या हॉर्नपुढे त्या यंत्रातून खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं करून जे सांगितलं गेलं त्याचा तर अजून संताप येतो.

सांगणाऱ्याने सुरुवातच बाजीराव-मस्तानीपासून केली. थोरले बाजीराव १७४० साली रावेरखेडीला वारले. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. शेजारचा रस्ता थोरल्या बाजीरावांच्या नावाचा आहे म्हणून वाडाही त्यांचा होत नाही. एका काकूंनी हे विचारलं तर ‘सगळे पेशवे एकच’ असं उत्तर मिळालं. पैसे घेऊन असं बोलणं हा पुण्याच्या इतिहासाचा अपमान आहे.

आणि सांगण्यासारखं डोक्यावरच होतं. दर्शनी सज्जाचं लाकूडकाम बघा. आतले खांब सुरूच्या झाडासारखे, खाली भरदार आणि वर निमुळते, माथ्यावर केळफूल कोरलेलं. मराठेशाही बुडाल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. मे १८७९ मध्ये बुधवार वाड्याला आणि याला आग लावली गेली. वासुदेव बळवंत फडक्यांचं इंग्रजांविरुद्धचं बंड तेव्हा चालू होतं, त्यामुळे संशय त्यांच्यावर गेला. पुढे आग लावणारा रानडे नावाचा माणूस निघाला. जळालेला पूर्वेचा भाग लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला. म्हणजे आज आपण ज्याचे फोटो काढतो त्यातलं काही पुणेकरांनी पदरचे पैसे घालून बांधलेलं आहे. यातलं एक अक्षर त्या सफरीत आलं नाही. वाड्याचा दोष नाही. वाडा स्वतःहून जाऊन बघा, जरूर बघा, फक्त कुठला भाग उघडा आहे ते आधी विचारून घ्या.

दुपारी केसरी वाड्यातलं टिळकांचं संग्रहालय केलं. चांगलं आहे, निवांत होतं.

पुढच्या रविवारी गंज पेठेत महात्मा फुले वाड्यात काही स्वयंसेवकांनी ठेवलेलं व्याख्यान ऐकलं आणि मन निवलं. फुकट होतं. बोलणारे निवृत्त शिक्षक, हातात ना कागद ना माइक. त्यांनी आम्हाला आधी हौदाची गोष्ट सांगितली: १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मग मागे तुळशी वृंदावनापाशी नेलं. आपल्याला घरामागेच मिठात पुरावं अशी जोतीरावांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पण राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. ते स्वतः जिचे सभासद राहिले होते त्याच नगरपालिकेने. दहन करावं लागलं. दत्तक मुलगा यशवंत टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, धरणार म्हटल्यावर भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः उचललं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. अस्थी या अंगणात ठेवल्या. गुरुजी हे सांगत असताना आम्ही त्या जागेपासून दोन हातांवर उभे होतो. हे सभागृहात बसून स्लाइड बघताना होत नाही. माझं ठाम मत आहे: वाड्याबद्दलचं व्याख्यान वाड्यातच ऐकावं, नाहीतर घरी पुस्तक वाचावं.

आता जाणाऱ्यांसाठी. सफर ठरवताना तीन गोष्टी विचाराच: बोलणार कोण, नेमकी कुठली दालनं उघडणार, आणि ती उघडायची परवानगी हातात आहे का. ‘बघू, तिथे गेल्यावर’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तीसपेक्षा जास्त माणसं असतील तरी जाऊ नका, मागच्यांना चौकात काही ऐकू येत नाही. जुन्या वाड्यांचे जिने उभे आणि अंधारे असतात, ते तुम्ही चढालच. पण एप्रिल-मेमध्ये अकरानंतरची सफर घेऊ नका.

चारचाकी आणू नका. मेट्रोने मंडई स्थानकाला उतरा, विश्रामबाग वाडा तिथून चालत जवळ आहे. दोन्ही वाडे एकाच सकाळी करायचे तर आधी गंज पेठ, मग विश्रामबाग, आणि शेजारच्या तुळशीबागेचा बाजार भरायच्या आत तिथून निघा. दुपारनंतर त्या गल्लीतून पोरांना घेऊन बाहेर पडणं नकोसं होतं.