फक्कीचा डबा

गॅदरिंग म्हटलं की बाकीच्यांना नाटक आठवतं, डान्स आठवतो. मला आठवतो बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला डालड्याचा जुना डबा.

आमची शाळा धाराशिवपासून एसटीनं तासाभरावर. डिसेंबर सरता सरता क्रीडा सप्ताह लागायचा आणि शेवटच्या दोन रात्री स्नेहसंमेलन. आमच्याकडची काळी माती पाणी आटलं की तडकते. पळताना भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच. म्हणून पीटीचे सर आठवडाभर आधीच तांबडी माती पसरून, पाणी मारून आमच्याकडून रोलर ओढून घ्यायचे. पहाटे सुतळी ताणायची आणि डबा आपटत आपटत फक्कीची रेघ ओढायची. खो-खोचा खांब जमिनीवर 120 सेंटिमीटर भरला पाहिजे, टेप लावूनच. अंदाजपंचे कारभार सरांना चालायचा नाही.

1996 च्या गॅदरिंगला शेलापागोटे वाचताना सरांच्या नावाचा निघाला: ‘शिट्टी सोडून सरांना दुसरं काय वाजवता येतं?’ मंडप हसून लोळला. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ मात्र उठले. ते सरांचे कॉलेजातले सोबती निघाले. म्हणाले, तुमचे सर खो-खो, कबड्डी आणि लांब उडी, तिन्हींत विद्यापीठाकडून खेळले आहेत. नामविस्ताराच्या आधीच्या मराठवाडा विद्यापीठाचा कलर कोट, म्हणजे विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला मिळणारा मानाचा कोट, आहे त्यांच्याकडे. पुढं बी.पी.एड. केलं, कितीतरी वर्षं विनाअनुदानित तुकडीवर काढली. सर तेव्हा स्टेजमागं वायर शोधत होते. त्यांनी हे ऐकलं का, कोण जाणे. तो कोट आम्ही कधीच पाहिला नाही.

पण ते तीन खेळ आम्हाला रोज दिसत होते, फक्त कळत नव्हतं. मी आधी कबड्डीत होते. चढाईला गेले की मध्यरेषेकडं परतायच्या आतच दम तुटायचा. सर म्हणाले, “लेकरा, दम तोकडा हाय तुझा, पण वळण झकास हाय. उद्यापास्नं खो-खोला ये.” खांबावर वळायला त्यांनी लांब उडी वापरली. उडी घेण्याआधीचं शेवटचं पाऊल आखूड पडतं ना, तसंच खांबाजवळ टाक. पाठलाग करताना कबड्डी: समोरच्याच्या डोळ्यांकडं बघू नको, डोळे हूल देतात, गुडघ्याकडं बघ.

त्या वर्षी आम्ही तालुक्याला हरलो, तेही पहिल्याच सामन्यात. ते जाऊ द्या.

2020 मध्ये धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. ती ना आमच्या शाळेची, ना सरांची शिष्या. तरी सरांचा फोन आला, “पेढे उधार. कोरोना सरू दे.”

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी म्हणून गॅदरिंगला गेले. सर रिटायर झालेत, पण पहाटे मैदानावर होतेच, हातात डबा. मी पाया पडायला वाकले.

“आधी मागं सर,” ते म्हणाले, “रेघ पुसलीस की.”